बुटातला जीव

आश्लेषाने कात्रीचं टोक रिबिनीच्या पहिल्या टाक्याखाली सरकवलं आणि टाका तोडला. स्टुडिओच्या मोठ्या आरशाखाली ती मांडी घालून बसली होती. शूज टाकून द्यायचे असले तरी रिबिनी उसवून ठेवायच्या, हे बॅलेच्या क्लासमधल्या सगळ्याच मुलींना ठाऊक होतं; पुढच्या जोडाला त्याच लावता येतात. ती दुसऱ्या टाक्याकडे वळणार एवढ्यात समोरून श्रीविद्या मिसची हाक आली.

"आश्लेषा, स्वल्प इकडे ये. या पोरींना एकदा टोकावर जाऊन दाखव. मी सांगून सांगून दमले."

लहान गटातल्या मुली भिंतीलगतच्या लाकडी दांड्याला धरून ओळीने उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे सिद्धी होती. तिचा पॉइंट शूजचा पहिलाच जोड होता आणि तिचे गुडघे भीतीने वाकलेले होते.

"मिस, माझे शूज घरी आहेत. हे गेलेले आहेत."

"दोन मिनिटांचं काम आहे. दांडा धरून कर."

श्रीविद्या मिस घरी तमिळ बोलत, क्लासमध्ये इंग्रजी, आणि धीर सुटला की कन्नड. आत्ता त्यांचा धीर सुटत आला होता. आश्लेषाने कात्री बाजूला ठेवली, शूज पायांत चढवले आणि रिबिनी घोट्याभोवती आवळून बांधल्या. एक टाका तुटला होता, पण रिबीन पक्की होती. ती दांड्यापाशी गेली. दोन्ही हातांनी दांडा धरून ती सावकाश वर गेली, आणि टोकावर पोचल्यावर वाट पाहत थांबली. शूज गेला असेल तर इथेच कळतं. बोटं खाली रुततात, तळवा पायाखालून निसटल्यासारखा होतो.

तसं काही झालं नाही.

तिने एक हात सोडला. मग दुसराही सोडला. डावा पाय उचलून ती एकट्या उजव्यावर राहिली, खाली आली, आणि पाय बदलून डाव्यावर गेली. डावा तिला उजव्याइतकाच नीट उचलून धरत होता. खालून कुणीतरी तळहात लावून ठेवावा, तसा.

"बघितलंत?" मिस मुलींना म्हणाल्या. "तळवा बघा तिचा. कुठे बसलाय का?"

मुली बघत होत्या. आश्लेषाही आरशात स्वतःच्या पायांकडे बघत होती. ती खाली उतरल्यावर मिस तिच्यापुढे उकिडव्या बसल्या आणि त्यांनी एका बोटाने शूजचा पुढचा भाग दाबला, मग कडेने दाबला.

"हे गेलेत म्हणून कुणी सांगितलं?"

"बाबाने."

मिसनी बोट काढून घेतलं.

"सरी, ठीक आहे," त्या उठत म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी सांगितलं असेल तर..." आणि वाक्य तसंच ठेवून त्या गाणं लावायला गेल्या.

पॉइंट शूज संपलेत की नाहीत, हे नुसतं बघून कळत नाही. वरचं सॅटिन मळलं, टोकाशी फाटलं, तरी बिघडत नाही. खरी मदार असते ती आतल्या दोन गोष्टींवर. तळव्याखाली एक कडक पट्टी असते, आणि बोटांभोवती कापडाचे आणि खळीचे थर देऊन केलेला टणक भाग असतो, त्याला बॉक्स म्हणतात. ही दोन्ही जोवर पायाला उलटा जोर देतात, तोवर मुलगी टोकावर उभी राहू शकते. ती मऊ पडली की सगळं वजन बोटांवर येतं आणि एखाद्या दिवशी घोटा मुरगळतो. आश्लेषाने पहिला जोड घेतला तेव्हा मिसनी पालकांना बोलावून हे सगळं समजावलं होतं. बाकीचे बाप फोन बघत बसले होते. आश्लेषाचा बाबा उल्हास मात्र पहिल्या रांगेत जाऊन बसला आणि त्याने जोड हातात मागितला.

उल्हास तरुणपणी मिरजेहून बंगळूरला आला तो विमानांवर संशोधन करणाऱ्या एका सरकारी संस्थेत. धातूचे तुकडे यंत्रात घालून पुन्हापुन्हा वाकवायचे, आणि मोडण्याआधी ते काय काय चिन्हं दाखवतात ते बघायचं, हे त्याचं काम. त्या दिवशी त्याने शूजची टाच डाव्या तळहातात धरली, दोन्ही अंगठे तळव्याच्या मधोमध टेकवले, आणि शूज हलकेच वाकवून कानाशी नेला. पुढे हीच त्याची रीत झाली. ऐकून झालं की तो दोनांतलं एक सांगायचा. "जीव आहे," नाहीतर "गेला."

हळूहळू इतर मुलींचे शूजही बसवनगुडीच्या त्यांच्या घरी येऊ लागले. एका वर्षी स्नेहसंमेलनाच्या दिवशीच क्लासमधल्या शलाकाची आई जोड घेऊन आली होती. शलाकाचा मुख्य नाच होता, तेच शूज तिच्या पायाला सवयीचे होते. उल्हासने ते वाकवून बघितले आणि "गेला" म्हणून परत दिले. त्या बाई अगदी गयावया करू लागल्या, एवढा आजचा दिवस तरी निघेल ना, असं विचारू लागल्या.

"ताई, मी हो म्हटल्याने त्यात जीव येणार नाही," उल्हास म्हणाला होता.

शलाका रडली आणि मैत्रिणीचा जोड घालून नाचली. नंतर क्लासमध्ये तिने हट्टाने ते जुने शूज घातले, तेव्हा नुसतं टोकावर जाताना डावा शूज पायाखाली दुमडला. तेव्हापासून उल्हासच्या शब्दावर कुणी वाद घालत नसे.

डिसेंबरात बेल्जियमच्या एका नृत्यशाळेतली तीन माणसं मुली निवडायला बंगळूरला आली. दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता, राहण्याजेवण्यासकट. आश्लेषाकडे दोन जोड होते. एक तिच्या पायाला पुरता बसलेला, आणि एक कोरा, नुकत्याच रिबिनी लावलेला. आदल्या संध्याकाळी ती जुना जोड घेऊन उल्हासकडे गेली होती.

"बाबा, उद्या हेच घालतेय. एकदा बघून दे ना."

त्याने टाच तळहातात धरली, अंगठे टेकवले. या वेळी त्याने शूज कानाशी नेला होता की नाही, हे आता तिला कितीही ताण दिला तरी आठवेना.

"गेला," तो म्हणाला होता.

"दोन्ही?"

"डावा गेलाच. उजवाही त्याच वाटेवर आहे."

"पण मला तर मस्त वाटतायत. आज सकाळीसुद्धा..."

"सवयीचे आहेत, म्हणून वाटतात. वाटणं वेगळं आणि असणं वेगळं. नवे घाल."

"नवे एका संध्याकाळीत पायाला बसतात का, बाबा?"

"मग बघ तुझं तू. उद्या तिथे घोटा मुरगळला तर मला काही म्हणू नकोस."

तिने नवे घातले. संध्याकाळभर ती ते हाताने मळत होती, वाकवत होती, बॉक्स दाराच्या फटीत धरून दाबत होती, आणि उल्हास दार धरून उभा होता. दुसऱ्या दिवशी येलहंक्याच्या पलीकडे एका शाळेच्या सभागृहात, लाकडी रंगमंचावर, तिच्या प्रत्येक पावलाचा खट् खट् आवाज झाला. टाच आतून सटकत राहिली. बॉक्स तिला पुरतं वर जाऊ देईना आणि खाली येताना पाय फळीसारखा आदळे. परीक्षकांतल्या एका बाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं आणि मग बाकीचा सगळा वेळ त्या तिच्या चेहऱ्याकडेच पाहत राहिल्या. नाच संपल्यावर तिने शूज काढले तेव्हा आतलं कापड लाल झालं होतं.

घरी आल्यावर उल्हासने घमेल्यात कोमट पाणी घेतलं, त्यात मीठ टाकलं, आणि तिच्या पायांशी बसून बोटांना चिकटलेल्या पट्ट्या एकेक करून पाण्यात सोडवल्या.

"सोसलंस हो," तो म्हणाला होता, आणि आश्लेषाला रडू आलं होतं. पायांमुळे नाही, त्याने ते ज्या आवाजात म्हटलं त्यामुळे.

आता कोरमंगलाच्या क्लासहून घरी जाणाऱ्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती आणि तिची बॅग मांडीवर होती. बॅगेत हात घालून तिने एक शूज अंगठ्यांनी वाकवून बघितला. तो उलटा दाबला. तिने सोडला, पुन्हा वाकवला, तो पुन्हा उलटा दाबला. चुकलं असेल त्याचं, तिने स्वतःला सांगितलं. माणसाचं चुकतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, आत मांजराचं पिल्लू आहे का. तेव्हा तिने हात बाहेर काढला.

घरी आल्यावर तिने खोलीचं दार लावून घेतलं आणि दोन्ही शूजच्या सगळ्या रिबिनी उसवल्या. टाचेचं इलॅस्टिकही कापलं. मग शूज सिद्धीच्या फुलाफुलांच्या कापडी पिशवीत घातले. ती पिशवी सिद्धी कधीतरी स्टुडिओत विसरली होती आणि आश्लेषाने परत द्यायला म्हणून घरी आणून ठेवली होती.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर अवरेकाळूचा, म्हणजे पावट्याच्या दाण्यांचा, ढीग पडला होता. खालच्या मजल्यावरच्या अनुसूया अक्कांनी गावाहून आलेल्या शेंगांतला वाटा पाठवला होता. आश्लेषाच्या आईने, नयनाने, दाणे रात्री भिजत घातले होते, आणि आता ती आणि उल्हास समोरासमोर बसून एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून काढत होते. सोललेले हिरवे दाणे पातेल्यात पडत होते. उल्हासला हे काम आवडायचं. दाणा न फुटता सालातून सुटला की तो मान हलवायचा.

आश्लेषाने पिशवी त्याच्यासमोर ठेवली.

"बाबा, सिद्धीचे शूज आहेत. तिची आई विचारत होती, अजून चालतील का म्हणून."

उल्हासशी खोटं बोलताना आपला आवाज जराही हलला नाही, याचं तिला नवल वाटलं. सिद्धीचे शूज तर कोरे होते. पण हे उल्हासला कुठून माहीत असणार.

"दे बघू." त्याने हात पंचाला पुसले आणि चष्मा वर सरकवला. टाच तळहातात घेतली, अंगठे टेकवले, शूज वाकवला आणि कानाशी नेला. डोळे मिटून त्याने तो आणखी एकदा वाकवला. मग दुसरा घेतला.

"जीव आहे," तो म्हणाला.

"दोन्हींत?"

"दोन्हींत. हा तर फारच चांगला आहे. उगीच टाकून देतील. तिच्या आईला सांग, अजून बरेच दिवस जातील. घाम नीट वाळवायचा, एवढंच."

"नक्की ना?"

"नक्की म्हणजे? ये इकडे." त्याने तिचा अंगठा धरून तळव्याच्या मधोमध टेकवला आणि वरून स्वतःच्या अंगठ्याने दाबलं. "उलटा दाबतोय की नाही?"

"दाबतोय."

"झालं तर मग."

नयनाने हात पुढे केला. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. तिने त्याच्या हातातून शूज घेतला आणि टोकाकडून बघितला. टोक घसरू नये म्हणून त्याच्याभोवती जाड दोऱ्याने टाके घालतात. आश्लेषाच्या शूजना ते नयना घालायची. या जोडाच्या वेळी गुलाबी दोरा मध्येच संपला होता, गांधीबाजारातलं तिचं नेहमीचं दुकान बंद होतं, म्हणून शेवटचे काही टाके तिने फिक्या पिवळ्या दोऱ्याने घातले होते. ते टाके तिने नखाने चाचपले. मग आश्लेषाकडे पाहिलं. आश्लेषा खाली बघत होती.

नयनाने शूज सालांच्या ढिगाजवळ टेबलावर ठेवला.

"हे माझे टाके आहेत," ती म्हणाली.

उल्हासने ढिगातला एक दाणा उचलून दाबला. दाणा सुटून टेबलाखाली उडाला. तो वाकून शोधायला लागला. दाणा खुर्चीच्या पायाशीच पडला होता, आश्लेषाला बसल्या जागेवरून दिसत होता, पण उल्हासला तो सापडायला बराच वेळ लागला. वर आला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता.

"बाबा," आश्लेषा म्हणाली.

तो दाण्याला लागलेली धूळ अंगठ्याने पुसत होता.

"तू कानाशी नेलाच नव्हतास ना त्या दिवशी?"

"नेला होता," तो म्हणाला. "नेला होता मी." त्याने दाणा पातेल्यात न टाकता हातातच ठेवला. "तुझी निवड झाली असती तर तू गेली असतीस."

पलीकडच्या गल्लीत भाजीवाला ओरडत गेला.

"मग जाऊ नकोस म्हणायचं होतंस."

"ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. भांडले असते मी. आठ-आठ दिवस बोलले नसते तुझ्याशी. पण..." तिने शूजकडे बोट केलं. "मी तुला विचारायला आले होते, बाबा."

"तुझ्या पायाला इजा होईल असं मी काहीही केलेलं नाही," उल्हास म्हणाला. आता त्याचा आवाज ऑफिसातल्यासारखा झाला होता. "नीट विचार कर. खरोखर गेलेला जोड असता आणि मी तो घाल म्हणून सांगितलं असतं, तर तो गुन्हा होता. तसं मी जन्मात करणार नाही. मी नवे घाल म्हटलं. नव्यात धोका नसतो."

"माझी बोटं फुटली."

"बोटं भरून येतात."

"आणि मग तूच पाणी गरम केलंस. मीठ घालून."

त्याने हातातला दाणा पातेल्यात टाकला. नयना उठली, पातेलं उचलून स्वयंपाकघरात गेली, आणि नळ सोडून कितीतरी वेळ ते दाणे धूत राहिली.

त्या दिवशी संध्याकाळी आश्लेषा बाहेर निघाली होती. गाडीची चावी जागेवर नव्हती.

"तुम्ही ठेवलीत का चावी कुठे?" तिने विचारलं.

उल्हासने पेपरातून मान वर केली आणि तिच्या मागे कोण आलंय ते पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"फ्रिजवर आहे," तो जरा थांबून म्हणाला.

मग तसंच सुरू झालं. तुम्हाला चहा हवाय का. तुमचा फोन वाजतोय. तुम्ही उद्या लवकर निघणार आहात का. आवाज चढवून नाही, टोचूनही नाही. बँकेत समोरच्या माणसाशी बोलावं तसं. पहिल्यांदा उल्हासने हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. "काय गं, मी काय तुझा प्रिन्सिपॉल आहे?" तो म्हणाला. ती हसली नाही. नंतर त्याने ते सोडून दिलं. पण तिने हाक मारली की उत्तर द्यायला त्याला आता क्षणभर उशीर लागायचा. हाक आपल्यालाच आहे, हे आधी स्वतःला पटवून द्यावं लागत असल्यासारखा.

क्लासला ती तेच जुने शूज घालून जात होती. नयनाने रिबिनी पुन्हा लावून दिल्या होत्या. शूज चालत होते. रोज टोकावर जाताना आश्लेषा तेवढ्या क्षणापुरती थांबायची, आज तरी तो रुततो का ते बघायला. तो रुतायचा नाही. रुतला असता तर तिला बरं वाटलं असतं. निदान एखाद-दोन आठवड्यांनी तरी बाबाचं म्हणणं खरं ठरलं, असं म्हणता आलं असतं.

निकालाची मेल आली ती सगळे जेवायला बसले असताना. आश्लेषाने डाव्या हाताने फोन उचलला, बघितलं, आणि ताटाशेजारी ठेवला.

"काय आहे?" नयनाने विचारलं.

"बेल्जियमचं."

"अगं मग वाच की."

आश्लेषाने फोन पुन्हा हातात घेतला आणि आईकडे बघत मेलमधलं मराठीत सांगायला सुरुवात केली. निवड झालेली नव्हती. तुमची संगीताची जाण आम्हाला विशेष आवडली, असं त्यांनी लिहिलं होतं. मात्र या अभ्यासक्रमासाठी पाय कमरेपासून जितके बाहेर वळावे लागतात, तितके तुमचे वळत नाहीत, आणि तुमच्या वयात ते नव्याने साधणं अवघड असतं. त्यामुळे नाइलाज आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

"शूजबद्दल काही लिहिलंय?" उल्हासने विचारलं.

"नाही."

"काहीच नाही? पुन्हा एकदा बघ ना."

आश्लेषाने पुन्हा एकदा वाचलं. या वेळी सावकाश, इंग्रजीतच, एकही शब्द न गाळता. तिचा आवाज कुठेही अडखळला नाही. उल्हास पुढे झुकून ऐकत होता. वाचून संपलं तसा तो खुर्चीत मागे टेकला, आणि त्याने एवढा मोठा श्वास सोडला की त्याच्या समोरचा पापड ताटात सरकला.

"म्हणजे त्याचा काही संबंधच नव्हता," तो म्हणाला. "कमरेचा प्रश्न होता. जुने घातले असतेस तरी हेच झालं असतं. कुठलेही घातले असतेस तरी." तो नयनाकडे वळला. "ऐकलंस ना? शूजचा संबंध नव्हता."

"ऐकलं," नयना म्हणाली.

"वाईट वाटतं, नाही असं नाही. मेहनत केली होती तिने." त्याने आश्लेषाच्या खांद्याकडे हात नेला, आणि तो वाटेतच वळवून पाण्याचा तांब्या उचलला. "पण कळलं ते बरं झालं. इथे राहून काय कमी करता येतं? श्रीविद्या मॅडमना मदत कर, मुलींना शिकव. भात वाढ गं थोडा. आमटी छान झालीये आज."

त्या रविवारपासून तो एकदाच वाढून घेऊन उठत होता. आज त्याने ताट पुढे केलं. त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. आश्लेषा त्याच्याकडे बघत राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं की, तो आपल्याशी बोलायची हिंमत गोळा करतोय. तो फक्त निकालाची वाट बघत होता.

नयनाने भातवाढी त्याच्या ताटावर धरली होती, पण तिचा हात तसाच राहिला.

"अहो," ती म्हणाली, "हुबळीच्या त्या घराला खरंच ओल होती का?"

हुबळीची गोष्ट आश्लेषाने लहानपणापासून ऐकलेली होती, आणि ती नेहमी तिच्याच छातीच्या घरघरीपासून सुरू व्हायची. आश्लेषा तान्ही असताना नयनाला बँकेत अधिकारी म्हणून बढती मिळाली होती, आणि बदली होती हुबळीला. बँकेचं घर मिळणार होतं. बाळाला घेऊन कुठे जातेस, मी बघून येतो, म्हणून उल्हास एकटाच जाऊन घर बघून आला. भिंतींना छपरापर्यंत ओल आहे, तो म्हणाला. पोपडे धरलेत, हात लावला की चुना हातात येतो. पोरीची छाती तिथे एक पावसाळा काढायची नाही. नयनाने बढती नाकारली आणि ती बसवनगुडीच्या शाखेत काउंटरवरच राहिली. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली तिच्या साहेब झाल्या. तिने कधी कुरकुर केली नव्हती. ओल म्हणजे ओल. त्याला कोण काय करणार. ते घर तिने स्वतः कधीच पाहिलं नव्हतं.

भातवाढीतून वाफ निघत होती. उल्हासने ताट थोडं आणखी पुढे सरकवलं, आणि ताटात नव्हता तो भात कालवू लागावा तशी त्याची बोटं आमटीत फिरली.

"कुठलं घर?" त्याने विचारलं.